बडोद्यात इतिहासाचा प्रकल्प: आधी मांडवी, मग मोबाइल

बी.ए.च्या मुलांचे इतिहासाचे प्रकल्प सुरू झाले की मला रोज एकच प्रश्न ऐकू येतो, "मॅडम, मटेरियल कुठे मिळेल?" हल्ली अकरावी-बारावीची मुलंही विचारतात आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे आईवडील. मी बडोद्यातच, दांडिया बाजारात वाढले, इथेच इतिहास शिकवते. या शहरातल्या लायब्रऱ्या, दफ्तरखाना आणि इंटरनेटवरचे संग्रह मी मुलांना शेजारी बसवून वापरत आले आहे. त्यातलं काय कशाच्या कामाचं, ते जरा सविस्तर लिहिते. उदाहरणं बडोद्याची आहेत, कारण मला तीच नीट ठाऊक आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकते. सुरुवात मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत करा, मोबाइल नंतर उघडा. इंटरनेटवर जुन्या साधनांचा साठा अफाट आहे. पण तो हाताला लागतो तो ज्याच्याकडे साल आहे, माणसाचं पूर्ण नाव आहे आणि इंग्रजांनी त्या नावाचं केलेलं स्पेलिंग आहे त्यालाच. नुसतं 'बडोदा हिस्टरी' टाइप केलं तर सहलीच्या जाहिराती आणि एकमेकांचं उतरवून काढलेले लेख येतात. साल, नाव, स्पेलिंग या तिन्ही गोष्टी लायब्ररीतल्या एका चांगल्या पुस्तकात एका बैठकीत मिळतात.

सेंट्रल लायब्ररी हा स्वतःच इतिहासाचा विषय आहे. १९०६च्या अमेरिका दौऱ्यात सयाजीराव महाराजांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि १९१०मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणलं. बोर्डन १९१३पर्यंत बडोद्यात होता. तेवढ्या काळात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, ग्रंथपालांचं प्रशिक्षण सुरू झालं आणि गावोगावच्या ग्रंथालयांचं जाळं आखलं गेलं. आजच्या इमारतीतल्या लोखंडी मांडण्या आणि मधल्या मजल्यांची काचेची जमीन हे एक बघण्यासारखं काम आहे. वरचा उजेड खालपर्यंत यावा म्हणून काच. मुलं पहिल्यांदा आली की मान वर करून बघत राहतात. मी त्यांना बघू देते. पुस्तकं ठेवायला एका राज्यानं एवढा विचार केला होता, हे कळायला ती पाच मिनिटं लागतात.

तिथे जाऊन "बडोद्यावर काहीतरी द्या" असं मात्र म्हणू नका. देणाऱ्यालाही कळत नाही काय द्यावं, आणि मग तुमच्या हातात एखादं गौरवग्रंथासारखं जाडजूड पुस्तक येतं, ज्यात फोटो भरपूर आणि संदर्भ एकही नाही. मी मुलांना पहिल्या दिवशी फक्त गॅझेटिअर, म्हणजे एखाद्या प्रदेशाच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, मागायला लावते. बडोदे राज्याचं गॅझेटिअर गोविंदभाई देसाई आणि क्लार्क यांनी तयार केलं, दोन खंड, १९२३. त्याच्या शेजारी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सातवा खंड ठेवायचा, तो बडोद्याचा, १८८३चा. तुमच्या विषयाचं प्रकरण दोन्हींत काढा आणि एकाखाली एक वाचा. चाळीस वर्षांत काय बदललं ते दिसतंच, शिवाय कोण लिहितंय तेही दिसायला लागतं. पहिल्यामागे एफ. ए. एच. इलियट हा इंग्रज अधिकारी, जो सयाजीरावांचा शिक्षक होता. दुसऱ्यामागे राज्याचेच अधिकारी. एकच तालुका, एकच शेतसारा, पण वाक्यांचा सूर वेगळा. प्रकल्पाचं पहिलं प्रकरण यातून निघतं, आणि ते कुणाचं उतरवलेलं नसतं.

दुसरं मागायचं पुस्तक म्हणजे १९३१चा 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु'. राज्यकारभारातले शब्द इंग्रजी, मराठी, गुजराती, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली अशा आठ भाषांत दिलेले. आमच्या मुलांची गाडी बहुतेक वेळा शब्दांवर अडते. बडोदे राज्याचे चार प्रांत होते: बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली. प्रांताचा प्रमुख तो सुभा, त्याखाली महाल आणि महालाचा अधिकारी वहिवटदार. एका मुलीनं 'सुभा' हे जागेचं नाव समजून नकाशात शोधलं होतं. तिची काहीच चूक नव्हती, पाठ्यपुस्तकात सुभा म्हणजे प्रदेशच असतो. असले शब्द आधी एका कागदावर काढून ठेवले की पुढचे अहवाल पटापट वाचून होतात.

मराठी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. महाराजांनी राज्याच्या पैशातून 'श्री सयाजी साहित्यमाला' आणि 'श्री सयाजी बालज्ञानमाला' या मालांमधून मराठी-गुजराती पुस्तकं काढवली. ती आज दुय्यम साधन म्हणून जुनी झाली आहेत, पण त्या काळच्या वाचकाला काय शिकवायचं ठरवलं होतं, याचं पहिल्या हाताचं साधन म्हणून फार मोलाची आहेत. प्रकल्पासाठी यातलं एकच पुस्तक घ्या. त्याची प्रस्तावना, किंमत, छापखाना, अनुवादकाचं नाव आणि हुद्दा एवढंच नीट नोंदवा. तिथूनच प्रश्न सुचायला लागतात. रियासतकार सरदेसाईही १८८९पासून बडोद्याच्या नोकरीत होते. मराठी इतिहासलेखनाचा एवढा मोठा डोंगर आपल्या शहरात बसून रचला गेला, हे आमच्या कितीतरी मुलांना बी.ए.पर्यंत कुणी सांगितलेलं नसतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सोयींबद्दल थोडक्यात. मांडवीत गाडी लावायला जागा मिळत नाही, रिक्षानं नाहीतर चालत न्यायमंदिराच्या बाजूनं या. वेळा, सुट्ट्या आणि सभासदत्वाचे नियम आधी विचारून घ्या. जुनी पुस्तकं घरी नेता येत नाहीत असं धरूनच चला, म्हणजे वही आणि दोन पेन्सिली. पान नंबर लगेच लिहा. 'नंतर बघू' म्हणून सोडलेला पान नंबर परत सापडत नाही.

विद्यापीठाची हंसा मेहता लायब्ररी १९५०पासूनची आहे आणि ती वेगळ्या कामाची. नवं संशोधन, नियतकालिकांचे जुने अंक, संदर्भग्रंथ. विद्यापीठाच्या मुलांनी तिथे जायलाच हवं, शाळेच्या मुलाला पहिल्या टप्प्यात तिची गरज पडत नाही. प्राच्यविद्या मंदिर संस्कृत हस्तलिखितांसाठी जगभर नावाजलेलं आहे. वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती तिथेच तयार झाली. तुमचा विषय पोथ्यांचा असेल तरच तिकडे वळा.

आता कोठी. रावपुऱ्यातल्या कोठीच्या आवारात राज्य अभिलेखागाराचं दक्षिण विभागाचं दफ्तर आहे आणि बडोदे राज्याचे कागद तिथे आहेत. हुजूर पोलिटिकल ऑफिसच्या फायली म्हणजे दरबार आणि रेसिडेन्सी (इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीची, म्हणजे रेसिडेंटची कचेरी) यांच्यातला पत्रव्यवहार, बराचसा इंग्रजीत. त्याआधीचं पुष्कळसं मोडीत. बारावीपर्यंतच्या मुलांना मी तिथे नेत नाही. एम.ए.च्या मुलांनी मात्र एक तरी फाइल हातात घेतलीच पाहिजे. टाचणीच्या गंजाचा डाग, समासातला शेरा, त्याखाली वेगळ्या शाईतली सही आणि चार दिवसांनंतरची तारीख. निर्णय कसा घेतला गेला आणि कुणापाशी अडला, ते छापील अहवालात नसतं. ते या समासांत असतं.

असे कागद बघायला विभागाचं पत्र न्यावं लागतं, त्याबद्दल एक सूचना. अशाच एका संग्रहात, नाव घेत नाही, आमच्या विद्यार्थिनीला कागद बघू दिले नाहीत, कारण तिच्या पत्रावर विभागाचा जावक क्रमांक नव्हता. सही होती, शिक्का होता, क्रमांक राहिला होता. पोरगी फतेगंजहून उन्हात आली होती. तेव्हा पत्रात विषय, नेमकी सालं, विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, जावक क्रमांक, तारीख, सही, शिक्का सगळं हवं, सोबत ओळखपत्र आणि त्याची प्रत. फोटो काढायचे असतील तर त्याची परवानगीही त्याच पत्रात मागा.

लायब्ररीतून सालं आणि नावं घेऊन आलात की ऑनलाइन बसा. इथे माझी सगळ्यात जास्त पसंती इंटरनेट आर्काइव्हला आहे. विनाशुल्क, खातं नसतानाही वाचता येतं, पीडीएफ उतरवता येते, आणि इंग्रजी पुस्तक असेल तर आतल्या मजकुरात शब्द शोधता येतो. वर सांगितलेली गॅझेटिअरं, बडोद्याच्या जनगणनेचे जुने खंड, राज्याच्या वार्षिक कारभाराचे कितीतरी अहवाल तिथे सापडतात.

पण शोधायची रीत शिकावी लागते. गायकवाड हे नाव जुन्या इंग्रजीत शेवटी 'डी' लावून क्वचितच येतं. जी-ए-ई-के-डब्ल्यू-ए-आर, शेवटी 'आर', असं टाका. आणखी मागे गेलात तर जी-यू-आय-सी-ओ-डब्ल्यू-ए-आर. सयाजीरावांच्या आधीचे महाराज मल्हारराव, त्यांचं नाव एम-यू-एल-एच-ए-आर असं. मराठी पुस्तकांची गोष्ट तर निराळीच. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पातून आलेल्या हजारो मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत, दीर्घ स्वरासाठी अक्षर दोनदा आणि ट-ठ-ड साठी मध्ये ॲपॉस्ट्रॉफी ('), अशा पद्धतीनं भरलेली आहेत. म्हणून देवनागरीत 'मराठी रियासत' टाकून पुस्तक आलं नाही तर ते तिथे नाही असं समजू नका. डबल ए, डबल आय करून बघा, लेखकाच्या नावानं बघा, प्रकाशनाच्या सालानं बघा. नोंदीतलं साल चुकलेलं असू शकतं, म्हणून मुखपृष्ठाचं पान उघडून साल तिथूनच घ्यायचं. घडीचे नकाशे बहुधा घडी न उलगडताच स्कॅन झालेले असतात. नकाशा हवा असेल तर कागदी प्रतीला पर्याय नाही, पुन्हा मांडवी.

राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल दुसऱ्या क्रमांकावर. नोंदणी करावी लागते. इंग्रज सरकारच्या परराष्ट्र खात्याच्या जुन्या फायलींची यादी तिथे आहे आणि बडोद्यासारख्या संस्थानाचा कारभार त्याच खात्याकडे असायचा. सगळ्या फायली पडद्यावर दिसत नाहीत, काहींची नुसती नोंद असते. नुसती नोंदही वाया जात नाही. फाइलचा विषय, महिना आणि क्रमांक लिहून घ्या, कारण त्यावरून कोणत्या महिन्यात कशावर पत्रापत्री चालू होती ते कळतं. एक महिना कळला की त्या महिन्यापुरती वर्तमानपत्रं चाळता येतात. वर्षभराचे अंक चाळायला कुणालाच वेळ नसतो.

शोधगंगा या संकेतस्थळावरचे पीएच.डी.चे प्रबंध मुलं पहिल्या पानापासून वाचायला घेतात आणि तिसऱ्या पानावर झोपतात. उलटं करा. शेवटची संदर्भसूची आधी उघडा. कुणीतरी चार-पाच वर्षं घालवून तुमच्या विषयाची साधनं गोळा करून ठेवली आहेत, ती यादी म्हणजे तयार रस्ता. त्यातली दोन मूळ साधनं शोधून स्वतः वाचा आणि त्यांचाच हवाला द्या. जेस्टोर या संशोधन-लेखांच्या ऑनलाइन संग्रहावर विनाशुल्क खातं काढलं तर महिन्याला शंभर लेख पडद्यावर वाचता येतात, पदवीच्या प्रकल्पाला तेवढे पुष्कळ झाले. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साऊथ एशिया लायब्ररीत इम्पीरियल गॅझेटिअर आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश दोन्ही आहेत. जुन्या कागदातला मराठी शब्द अडला की मोल्सवर्थ उघडायचा. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं 'ग्रंथसंजीवनी' जुन्या मराठी वर्तमानपत्रांसाठी आणि पुस्तकांसाठी बघून ठेवा. मराठी विश्वकोशातली नोंद पार्श्वभूमीसाठी घ्या, पुराव्यासाठी नको.

आणि चॅटबॉट. मुलं वापरतात, मी डोळे मिटून घेत नाही. एका मुलानं अशीच तयार यादी आणली. पुस्तकाचं नाव झकास, लेखक ओळखीचा, साल पटण्यासारखं, पान नंबरसुद्धा दिलेला. आम्ही दोघांनी मिळून ती यादी लायब्ररीच्या सूचीत आणि इंटरनेट आर्काइव्हवर ताडली. निम्मी पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. त्यानंतर माझा नियम सोपा आहे: ज्या पुस्तकाचं पान तुम्ही स्वतः उघडलेलं नाही, ते संदर्भसूचीत येणार नाही. पालकांनीही घरी एवढंच विचारावं, "हे पान दाखव."

आता एक साधन जवळून दाखवते, म्हणजे हा सगळा खटाटोप कशासाठी ते कळेल. आमच्याकडे दर वर्षी कुणी ना कुणी डॉ. आंबेडकर आणि बडोदे हा विषय घेतंच, आणि घ्यावाच. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३मध्ये अमेरिकेला गेले आणि कराराप्रमाणे नोकरीसाठी १९१७मध्ये बडोद्याला आले. पुढचं त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवलं आहे. महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी 'लेखन आणि भाषणे' मालिकेच्या बाराव्या खंडात ते आहे, कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावरही वाचायला मिळतं. चार-पाच पानांचा भाग. मी मुलींना तो मोठ्यानं वाचायला लावला. कुठल्याच हॉटेलात जागा मिळणार नाही म्हणून पारशी नाव घेऊन पारशांच्या विश्रामगृहात राहणं. दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर मोडक्या सामानाच्या सोबतीनं, एका कंदिलाच्या उजेडात काढलेल्या रात्री. मग अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेऊन जिन्यावरून वर आलेले लोक. वाचणारी मुलगी तिथे थांबली, पुढचं दुसरीनं वाचलं.

त्यानंतर आम्ही प्रश्न लिहायला बसलो. मूळ मजकुरात काय आहे आणि आपल्याला आधीपासून काय 'माहीत' होतं? मजकुरात कमाटी बाग आहे, मुंबईची गाडी रात्री नऊची आहे, तोवर कुठे जायचं म्हणून बागेत काढलेले तास आहेत, आईवडिलांची आठवण आहे. आज संकल्पभूमी या स्मारकावर, बाबासाहेब त्या दिवशी इथेच बसले होते असं मानून, आपण ज्या वडाला हात जोडतो, तो वड या मजकुरात येत नाही. मुली दचकल्या. एकीला वाटलं आता काय लिहावं. मी सांगितलं, दोन्ही लिहा, पण वेगवेगळं लिहा. एक त्यांच्या हातचं लेखन. दुसरं लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आठवण आणि त्या आठवणीतून उभं राहिलेलं स्मारक. दोन्ही साधनं आहेत, दोन्हींचा मान वेगळा आणि काम वेगळं. लोकांनी ती जागा का जपली, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे, आणि त्यासाठी १४ एप्रिलला तिथे येणाऱ्या माणसांशी बोलायला लागेल. त्या मुलींनी तसं केलं. आठवणी बऱ्याच वर्षांनी लिहिलेल्या असल्यामुळे त्यातली सालं इतर कागदांशी जुळवून बघणंही त्या शिकल्या. त्यांच्या प्रकल्पात गुण किती पडले त्यापेक्षा ही दोन पानं मला मोठी वाटतात.

शिक्षणाचा विषय घेणाऱ्यांसाठी याहून सोपी वाट आहे. सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३मध्ये अमरेली तालुक्यात करून बघितलं गेलं आणि १९०६मध्ये राज्यभर लागू झालं. हे वाक्य प्रत्येक निबंधात असतं, पण पुढे कुणी जात नाही. वार्षिक अहवालांत दर वर्षीचे शाळांचे आणि मुलामुलींचे आकडे आहेत. दहा वर्षांचा तक्ता स्वतः करा आणि १९०१, १९११, १९२१च्या जनगणनेतल्या साक्षरतेशेजारी ठेवा. शाळेत न पाठवल्याबद्दल पालकांना दंड होत असे, त्याचेही आकडे शोधा. दंड कुणाला झाला, कुठल्या महालात झाला, ते विचारा. सरकारी अहवाल स्वतःच्या कामाचं वर्णन करतो, दंड भरणाऱ्याचं म्हणणं त्यात नसतं. ते कुठे मिळेल, हा प्रश्न मुलांनी निदान लिहून ठेवावा. ग्रंथालय चळवळीवरही असंच काम करता येतं: 'लायब्ररी मिसलेनी' हे १९१२पासूनचं इंग्रजी-गुजराती-मराठी त्रैमासिक, कुडाळकरांचं १९१९चं पुस्तक, न्यूटन दत्त यांचं १९२८चं पुस्तक, आणि लाकडी पेट्यांतून गावोगाव जाणारी फिरती वाचनालयं. गावानं एक हिस्सा, राज्यानं एक आणि स्थानिक मंडळानं एक असे पैसे घालून गावची ग्रंथालयं निघत. आपल्या आजोळच्या गावी असं ग्रंथालय होतं का, ते शोधायला सांगितलं की मुलं आपणहून कामाला लागतात.

सध्या माझ्याकडे एम.ए.ची दोघं मल्हाररावांच्या खटल्यावर काम करत आहेत. मला हा विषय फार आवडतो, कारण एकाच घटनेची चार तोंडं चार ठिकाणी सापडतात. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप झाला. फेब्रुवारी १८७५मध्ये सहा जणांचं कमिशन बसलं, तिघे इंग्रज आणि तिघे हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव. मल्हाररावांच्या बचावाला इंग्लंडहून सार्जंट बॅलंटाइन आले. इंग्रज सभासदांनी दोषी म्हटलं, हिंदी सभासदांना आरोप सिद्ध झाला असं वाटलं नाही. तरी एप्रिलमध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलं, आणि कारण दिलं ते गैरकारभाराचं. त्यांना मद्रासला नेऊन ठेवलं, १८८२मध्ये ते तिथेच वारले.

खटल्याची छापील हकीकत, सवाल-जबाबांसकट, इंटरनेटवर आहे. सरकारी पत्रव्यवहार ब्लू बुकमध्ये, म्हणजे इंग्रज सरकारनं छापलेल्या कागदपत्रांच्या पुस्तकात आहे. त्या ब्लू बुकमधल्या शेऱ्यांना दादाभाई नवरोजींनी छापील उत्तर दिलं, कारण १८७४मध्ये तेच बडोद्याचे दिवाण होते आणि ठपका त्यांच्या कारभारावरही येत होता. चौथं तोंड म्हणजे गॅझेटिअरमधली इलियटची हकीकत, मल्हाररावांच्या जागी आलेल्या राजाच्या शिक्षकानं लिहिलेली. माझ्या विद्यार्थ्यांनी मोठ्या कागदावर चार उभे रकाने आखले आणि आठवड्या-आठवड्यानं घटना भरत गेले. कुठला रकाना कुठे रिकामा राहतो, ते बघण्यासारखं आहे. साक्षीदारांच्या जबान्यांतली नोकर-आयांची नावं एका रकान्यात भरभरून येतात आणि बाकी तिन्हींत गायब. या दोघांनी आता त्या माणसांनाच धरून लिहायचं ठरवलं आहे. मला तो निर्णय पटला.

एक जागा मात्र अजून कोरी आहे. जयाजीराव आणि दिनकरराव यांनी वेगळं मत दिलं, त्याआधी त्यांच्यात आणि त्यांच्या दरबारी मंडळींत मराठीत काय बोलणं, लिहिणं झालं असेल, ते बडोद्यात बसून मिळत नाही. ग्वाल्हेरचे कुणी वाचक हे वाचत असतील, आणि तिथल्या दफ्तरात किंवा कुणा जुन्या घराच्या कागदांत जानेवारी ते एप्रिल १८७५मधली पत्रं, मोडीतली असली तरी, बघायला मिळतात का हे ठाऊक असेल, तर जरूर लिहा. परवानगी कुणाकडे मागायची तेवढं सांगितलंत तरी चालेल. पत्र आम्ही जावक क्रमांकासकट पाठवू.